दर बारा दिवसांनी ढासळणारे तापमान : क्रायोस्टॅटमधील हीलियमची थंड गळती कशी ओळखावी

कणभौतिकीच्या प्रयोगांसाठी शोधक (कणांचा वेध घेणारी उपकरणे) तपासणाऱ्या छोट्या क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे अतिशीत तापमान राखणाऱ्या निर्वात पात्रात, एक बिघाड असा असतो की, दुरुस्तीनंतर तो संपला असे प्रत्येक वेळी खात्रीने वाटते आणि ठरावीक दिवसांनी तो पुन्हा समोर उभा राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या प्रयोगशाळेत या बिघाडाने फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंतचा काळ घेतला. मराठवाड्यात या विषयाकडे वळणाऱ्या तरुणांची संख्या आता वाढणार आहे; हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पात चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा निर्वात ठेवायच्या आहेत, आणि अशा यंत्रणेत पाण्याची वाफ पकडून ठेवण्यासाठी द्रव नायट्रोजनवर चालणारे शीतपंप वापरले जातात. निर्वात आणि अतिशीत तापमान यांचे नाते ज्यांना रोज हाताळावे लागेल, त्यांना हा अनुभव तपशिलाने उपयोगी पडेल असे वाटते.

आमची यंत्रणा साधी आहे. बाहेर स्टेनलेस स्टीलचे सुमारे साठ लिटरचे निर्वात पात्र, त्याच्या आत उष्णता अडवणारी तांब्याची ढाल, आणि ढालीच्या आत चार केल्विनचा (म्हणजे सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसचा) मंच. थंडावा बंद चक्राच्या हीलियम शीतकातून येतो. शीतकाचा पहिला टप्पा ढालीला ४२ केल्विनवर ठेवतो आणि दुसरा टप्पा मंचाला ३.९ केल्विनवर. मंचावर ॲल्युमिनियमची एक लहान, हवाबंद नमुना-कोठी बसवलेली असून तिच्यात थोडा हीलियम वायू भरलेला असतो, जेणेकरून आतल्या स्फटिकाला आणि तापमापकांना मंचाचा थंडावा नीट पोहोचावा. दुसऱ्या टप्प्याची ताकद ४.२ केल्विनला सुमारे एक वॅट आहे आणि त्या एका वॅटसाठी कॉम्प्रेसर सहा-सात किलोवॅट वीज घेतो. आदर्श यंत्रालाही एवढ्या खोलवरून एक वॅट उष्णता उपसण्यासाठी सत्तर वॅट लागले असते. म्हणून चार केल्विनला पाव वॅट उष्णता नको तिथून आत येणे ही किरकोळ बाब नसते. द्रव हीलियमच्या भाषेत सांगायचे तर एक वॅट उष्णता तासाला जवळजवळ १.४ लिटर द्रव उडवते.

बिघाडाचे स्वरूप असे होते. यंत्रणा थंड केल्यावर अकरा-बारा दिवस मंच ३.९ केल्विनवर निश्चल राहायचा. मग एखाद्या रात्री तो ४.१ वर जायचा, सकाळपर्यंत ४.६ वर आणि दुपारी ५.८ च्या पुढे. त्याच वेळी ढालही ४२ वरून ५१ केल्विनवर पोहोचायची. त्यानंतर काहीही केले तरी तापमान खाली येत नसे. यंत्रणा बंद करून खोलीच्या तापमानाला आणावी, उघडावी, कशाची तरी दुरुस्ती करावी, पुन्हा पंप लावून थंड करावी, की पुन्हा ३.९ केल्विन. आणि पुन्हा बारा दिवस.

खोट्या दुरुस्त्या

पहिल्या वेळी आम्ही शीतकाच्या सीलची झीज झाली असे मानले. दुसऱ्या वेळी ढालीवरचे बहुपदरी परावर्तक आवरण एका जागी मंचाला टेकलेले दिसले, म्हणून ते सोडवून पुन्हा गुंडाळले. तिसऱ्या वेळी बाहेरच्या पात्राच्या सर्व ओ-रिंग (जोड हवाबंद करणाऱ्या रबरी कड्या) बदलल्या. चौथा प्रसंग वीस मिनिटे वीज गेल्यानंतर लगेच घडला, त्यामुळे वीजपुरवठ्याला दोष देऊन आम्ही मोकळे झालो. प्रत्येक दुरुस्तीनंतर यंत्रणा उत्तम चालली, प्रत्येक वेळी नोंदवहीत ‘दोष दूर झाला’ असे लिहिले गेले, आणि शीतकाच्या महागड्या सर्व्हिसिंगसाठी प्रस्ताव पाठवण्याची तयारीही सुरू झाली.

या चक्रातून बाहेर काढले ते आमच्या तंत्रसहाय्यकांनी. ते पूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. तेथे कृत्रिम रेतनाच्या मात्रा द्रव नायट्रोजनच्या जारमध्ये ठेवतात आणि जारमध्ये काडी घालून नायट्रोजनची पातळी नियमाने मोजून वहीत मांडतात; जारच्या दोन भिंतींमधले निर्वात बिघडले तर पातळीचा उतार आधी वहीत दिसतो, आणि वहीकडे लक्ष नसेल तर सगळ्या मात्रा वाया जातात. त्याच सवयीने त्यांनी आमच्या यंत्रणेचीही रोजची तापमाने एका स्वतंत्र वहीत उतरवून ठेवली होती. चौथ्या बिघाडानंतर त्यांनी ती वही पुढे केली आणि म्हणाले, “सर, आपण सील बदला, नाहीतर आवरण बदला, बारा दिवस ठरलेलेच हायेत.”

वहीत खरोखरच तसे होते. चार वेगवेगळ्या दुरुस्त्या, आणि चारही वेळा टिकण्याचा काळ अकरा ते बारा दिवसांचा. दुरुस्त्या वेगळ्या असताना परिणाम सारखाच येत असेल, तर त्या परिणामाचे कारण दुरुस्तीत नाही; चारही वेळा जी एकच गोष्ट समान घडली तिच्यात ते आहे. ती गोष्ट म्हणजे यंत्रणा गरम करणे. म्हणून पाचव्या वेळी आम्ही मुद्दाम काहीच दुरुस्त केले नाही. पात्र उघडलेदेखील नाही; फक्त खोलीच्या तापमानापर्यंत गरम केले, दोन दिवस पंप चालू ठेवला आणि पुन्हा थंड केले. यंत्रणा बारा दिवस चालली. ज्यांच्या क्रायोस्टॅटमध्ये ठरावीक कालावधीने दोष परत येतो, त्यांनी हा ‘रिकामा फेरा’ सर्वांत आधी करावा. त्याला एक आठवडा लागतो, पण त्याच्याशिवाय कोणत्या दुरुस्तीने खरे काम केले हे ठरवता येत नाही.

कोळशाचे काम

गरम केल्याने जे बरे होते ते काय, हा पुढचा प्रश्न. चार केल्विनच्या मंचाखाली आम्ही, बहुतेक सर्व अशा यंत्रणांप्रमाणे, सक्रिय कोळशाचे काही ग्रॅम तुकडे इपॉक्सीने चिकटवलेले आहेत. हा कोळसा नारळाच्या करवंटीपासून बनवतात आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांचे पृष्ठफळ प्रचंड असते. त्याची गरज अशी की, नायट्रोजन, ऑक्सिजन, पाण्याची वाफ हे सर्व वायू थंड धातूवर गोठून बसतात आणि निर्वात आपोआप सुधारते. हीलियम मात्र चार केल्विनच्या उघड्या धातूला चिकटून राहत नाही. तो पकडण्यासाठी कोळशाची छिद्रे लागतात. एकदा ती छिद्रे भरत आली की आत येणारा पुढचा हीलियम मोकळाच फिरू लागतो, गरम भिंतीवरची उष्णता ढालीला आणि ढालीवरची उष्णता मंचाला नेऊन देतो. मंच थोडा गरम झाला की कोळसाही गरम होतो आणि आधी पकडलेला हीलियमसुद्धा सोडू लागतो. बिघाड सावकाश सुरू होऊन एका रात्रीत हाताबाहेर का जातो, याचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे.

किती हीलियमने एवढे नुकसान होते? दाब इतका कमी असतो की रेणू एकमेकांवर न आदळता थेट भिंतीपासून भिंतीपर्यंत जातात, आणि अशा स्थितीत वाहून नेलेली उष्णता दाबाच्या प्रमाणात वाढते. मिलिबारच्या दहाहजाराव्या भागाइतका हीलियम निर्वातात असेल, तर खोलीच्या तापमानाच्या भिंतीकडून ढालीकडे दर चौरस मीटरला सुमारे दोन वॅट आणि ढालीकडून चार केल्विनकडे सुमारे ०.४ वॅट उष्णता जाते. दाब दहापट झाला की हे आकडेही दहापट होतात, आणि एक वॅटचा शीतक तेथे हात टेकतो.

आता साठ लिटरच्या पात्रात हा दाब होण्यासाठी किती वायू लागतो ते पाहावे. मिलिबारचा दहाहजारावा भाग गुणिले साठ लिटर, म्हणजे फक्त ०.००६ मिलिबार-लिटर (दाब आणि आकारमान यांच्या गुणाकाराने वायूचे प्रमाण सांगणारे एकक). जर सेकंदाला एका मिलिबार-लिटरचा लाखावा भाग एवढी हीलियमची गळती असेल, तर कोळसा नसताना ही मर्यादा दहा मिनिटांत गाठली गेली असती. कोळशाने तीच मर्यादा दहा मिनिटांवरून बारा दिवसांवर नेली. हे गणित फळ्यावर मांडले तेव्हा माझी कोळशाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. ज्याला आम्ही सुरक्षिततेचे साधन मानत होतो, त्याने गळती इतके दिवस झाकून ठेवली होती की कारण आणि परिणाम यांचा संबंधच तुटला होता. माझे ठाम मत आता असे आहे की नव्या क्रायोस्टॅटची पहिली चाचणी कोळसा न बसवता घ्यावी. यंत्रणा तेव्हा वाईट चालेल, पण काय वाईट आहे ते पहिल्याच तासात सांगेल.

गरम होताना दाब काय सांगतो

हीलियमच आहे, हवा किंवा पाणी नाही, हे गृहीत धरून चालत नाही. ते तपासण्यासाठी लीक डिटेक्टर, म्हणजे हीलियमची गळती शोधणारे यंत्र, हेही लगेच लागत नाही. बिघाड झाल्यावर पंपाकडची झडप बंद करावी, शीतक थांबवावा आणि मंचाचे तापमान व पात्रातला दाब दर मिनिटाला एकत्र नोंदवत यंत्रणा आपोआप गरम होऊ द्यावी. प्रत्येक वायू आपापल्या तापमानाला सुटतो. कोळशातला हीलियम दहा ते तीस केल्विनच्या टापूत मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. धातूवर गोठलेली हवा साधारण पंचवीस ते पस्तीस केल्विनला सुटते. पाण्याची वाफ मात्र दीडशे केल्विन ओलांडेपर्यंत हलत नाही. आलेखावर या तीन पायऱ्या वेगवेगळ्या दिसतात. पहिली पायरी उंच असेल तर हीलियम, दुसरी असेल तर बाहेरची हवा आत येते आहे, आणि फक्त तिसरीच उंच असेल तर आतले पदार्थ ओले होते किंवा पंपाला पुरेसा वेळ दिला नव्हता.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पोलादातून सावकाश सुटणारा हायड्रोजनही कोळशात अडकतो आणि हीलियमच्या जवळपासच्याच तापमानाला सुटतो. तेव्हा पहिल्या पायरीचा वायू वस्तुमान चारचा, म्हणजे हीलियमच, आहे हे एकदा लीक डिटेक्टरने पक्के करून घ्यावे. दुसरे म्हणजे दाबमापक कोणता आहे ते पाहावे. आयनीकरण दाबमापक नायट्रोजनसाठी जुळवलेला असतो आणि हीलियमचा दाब खऱ्याच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकाच दाखवतो. पहिले तीन महिने आम्ही पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा वाचून ‘निर्वात तर चांगले आहे’ असे म्हणत राहिलो, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा होता. एकूण वायू मोजण्यासाठी पातळ पडद्याच्या वाकण्यावरून दाब सांगणारा, वायू कोणता याने फरक न पडणारा मापक घ्यावा.

आमच्या आलेखात तीस केल्विनच्या आतच दाबाने मोठी उडी घेतली, हवेची पायरी जेमतेम दिसली, आणि १२० केल्विनला, म्हणजे पाणी सुटण्याच्या आधी, दाब ०.१२ मिलिबार होता. पात्रातला वायू सरासरी दोनशे केल्विनवर आहे असे धरून खोलीच्या तापमानाचा हिशेब केला तर तो सुमारे अकरा मिलिबार-लिटर येतो. बारा दिवसांत दहा लाखांहून थोडे अधिक सेकंद असतात. भागाकार केला की सेकंदाला मिलिबार-लिटरचा एक लाखावा भाग ही गळती हाती येते. बिघाडाचा कालावधी आणि गरम होताना सुटलेला वायू, एवढ्या दोन आकड्यांवरून थंड अवस्थेतील गळतीचे मोजमाप झाले होते, आणि तेही गळती कोठे आहे हे कळण्याआधी.

गळती कोठे आहे

खोलीच्या तापमानाला नमुना-कोठीत हीलियम भरून लीक डिटेक्टर जोडला, तर काहीच दिसेना. या हिशेबापेक्षा हजारपट लहान गळतीही त्याने दाखवली असती. अशा वेळी ‘गळती नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘या तापमानाला गळती नाही’ असे म्हणावे. आम्ही डिटेक्टर जोडलेला ठेवूनच यंत्रणा थंड करायला घेतली. दोनशे केल्विनच्या थोडे खाली काटा हलला आणि दीडशेपर्यंत स्पष्ट वर गेला.

दोष नमुना-कोठीच्या झाकणाच्या जोडात होता. ॲल्युमिनियमची दोन चकत्यांसारखी फ्लँजे, मिळून वीस मिलिमीटर जाडीची, त्यांच्यामध्ये जोड हवाबंद करणारी इंडियम या मऊ धातूची तार आणि आवळायला स्टेनलेस स्टीलचे चार मिलिमीटरचे बोल्ट व नट. खोलीच्या तापमानापासून चार केल्विनपर्यंत ॲल्युमिनियम सुमारे ०.४१ टक्के आकसते, स्टेनलेस स्टील ०.३० टक्के आणि तांबे ०.३२ टक्के. वीस मिलिमीटर जाडीवर ॲल्युमिनियम आणि बोल्ट यांच्या आकसण्यातला फरक सुमारे २२ मायक्रॉन होतो. आता बोल्ट नीट आवळला असता तो किती ताणला जातो याचा हिशेब करावा: दोनशे मेगापास्कल ताणाला स्टीलची लांबी साधारण हजारात एक भाग वाढते, म्हणजे वीस मिलिमीटरला वीस मायक्रॉन. थंड होताना फ्लँज बोल्टपेक्षा जवळजवळ तेवढीच जास्त आकसते आणि बोल्टचा सगळा ताण निघून जातो. या आकसण्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग ७७ केल्विनपर्यंतच पूर्ण होतो, त्यामुळे असा जोड तपासायला द्रव हीलियमची गरज नाही; द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून तपासले तरी पुरते.

ज्या वर्कशॉपमध्ये हे काम झाले त्यांचा यात काही दोष नव्हता. त्यांनी आराखड्यात होते तसेच, अतिशय सफाईने बनवून दिले होते. आराखडा आम्ही काढला होता आणि त्यात वेगवेगळ्या धातूंच्या आकसण्याचा हिशेबच नव्हता.

उपाय दोन प्रकारचे आहेत. बोल्टच्या डोक्याखाली बशीसारखे वाकलेले, ताकदीचे स्प्रिंग वॉशर एकावर एक ठेवले तर फ्लँज आकसली तरी दाब टिकून राहतो. दुसरा उपाय इन्व्हारच्या नळीचा. लोखंड आणि निकेलचा हा मिश्रधातू त्याच तापमानात जेमतेम ०.०४ टक्के आकसतो, म्हणून बोल्ट लांब घेऊन डोक्याखाली इन्व्हारची नळी घातली तर ॲल्युमिनियमच्या जादा आकसण्याची भरपाई होते. वीस मिलिमीटर ॲल्युमिनियमसाठी ती सुमारे नऊ मिलिमीटर लांब लागते. आम्ही इन्व्हार निवडला, कारण कोठीभोवती जागा होती आणि स्प्रिंग वॉशर प्रत्येक वेळी सारखे दाबले गेले की नाही याची खात्री विद्यार्थ्यांना करता येत नव्हती. याशिवाय इंडियमची एक सवय लक्षात ठेवावी लागते: तो दाबाखाली सावकाश पसरत राहतो. संध्याकाळी आवळलेले बोल्ट दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आवळावेत आणि जोड प्रत्येक वेळी उघडल्यावर तार नवी घालावी.

पावसाळ्यात बाराचे सात दिवस का झाले

गळती सापडण्यापूर्वी जुलै आणि ऑगस्टमध्ये बिघाडाचा काळ बारावरून नऊ आणि मग सात दिवसांवर आला होता. गळती वाढली असे आम्हाला वाटले. पण गरम करताना सुटणारा हीलियमही त्याच प्रमाणात कमी भरत होता, म्हणजे गळती तेवढीच होती आणि कोळशाची धारणशक्ती घटली होती. कारण हवेतले पाणी. उन्हाळ्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की पात्र तासभर उघडे राहिले तरी फारसे बिघडत नाही. पावसाळ्यात तेच पात्र उघडले की कोळसा ओलावा ओढून घेतो. हीलियम खोलीच्या तापमानाला कोळशातून सहज निघून जातो. पाणी नुसत्या पंपाने निघत नाही, त्यासाठी कोळसा निर्वातात गरम करावा लागतो. किती गरम करावा याला मर्यादा आहे, कारण इंडियम १५७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि कोळसा धरून ठेवणारे इपॉक्सीही फार उष्णता सोसत नाही. आम्ही ऐंशी अंशांवर चोवीस तास ठेवतो. पात्र उघडण्यापूर्वी आत खोलीची हवा न सोडता द्रव नायट्रोजनच्या जारमधून उडणारा कोरडा वायू सोडतो आणि उघडे असेपर्यंत त्याची बारीक धार चालू ठेवतो. खोलीची खिडकी मात्र त्या वेळी उघडी असलीच पाहिजे, कारण बंद खोलीत नायट्रोजन साचून प्राणवायू कमी होणे जीवघेणे ठरू शकते.

उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेमुळे एक चुकीचा ग्रह होतो, तोही नोंदवतो. निर्वात बिघडले की पात्राला बाहेरून घाम येतो असे शिकवले जाते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात दवबिंदू इतका खाली असतो की पात्राचा पृष्ठभाग काही अंशांनी थंड झाला तरी त्यावर पाण्याचा थेंब दिसत नाही. पात्र कोरडे आहे म्हणून निर्वात ठीक आहे, असा निष्कर्ष येथे काढू नये. हाताने तपासावे किंवा, त्याहून चांगले, बाहेरच्या भिंतीवरही एक साधा तापमापक चिकटवून ठेवावा.

कॉम्प्रेसरच्या पाण्याचा गोंधळ

आमच्या निदानाला उशीर होण्याचे आणखी एक कारण म्हणजे तापमानात रोज येणारा दुसरा, लहान चढउतार. दुपारनंतर दोन्ही टप्पे किंचित गरम व्हायचे आणि पहाटे पूर्ववत यायचे. चोवीस तासांचा असा ताल दिसला की निर्वाताकडे न पाहता कॉम्प्रेसरच्या थंड पाण्याकडे पाहावे. बहुतेक कॉम्प्रेसरना आत जाणारे पाणी साधारण २८ अंश सेल्सिअसच्या खाली लागते. आमचे पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून येत होते. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर असताना त्रास जास्त होईल अशी अपेक्षा होती, पण पाणी सर्वाधिक तापले ते जुलैत. घरातल्या वाळ्याच्या कूलरचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे लगेच पटेल: कोरड्या उन्हाळ्यात तो गार वारा देतो आणि दमट दिवसांत नुसता पंखा उरतो. टॉवरमध्येही पाणी बाष्पीभवनानेच थंड होते. उन्हाळ्यातले संकट वेगळे आहे. बाष्पीभवन जोरात होते, बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी भरत राहावे लागते, क्षार साठत जातात आणि उष्णता-विनिमयकाच्या पत्र्यांवर पांढरा थर बसतो. आता कॉम्प्रेसरचे पाणी आम्ही क्षारविरहित ठेवून बंद फेऱ्यात फिरवतो आणि ते चिलरने थंड करतो. रोजचा चढउतार गेला, आणि तेव्हाच निर्वाताच्या बिघाडाचा ताल निखळपणे दिसू लागला.

वीज गेल्याच्या प्रसंगाचेही स्पष्टीकरण आता देता येते. शीतक थांबला की मंच गरम होतो आणि दहा-पंधरा केल्विनच्या पुढे कोळसा हीलियम सोडू लागतो. कोळसा ताजा असेल तर वीज आल्यावर तो सगळा वायू परत ओढून घेतो; अकरा दिवस भरलेला असेल तर आधी सुटलेल्या वायूमुळे मंच थंडच होत नाही. वीज जाणे हे निमित्त होते. अशा वेळी शीतक तसाच झगडत ठेवण्यापेक्षा मंच तीस केल्विनपर्यंत जाऊ द्यावा, पंपाने हीलियम काढून घ्यावा आणि मग पुन्हा थंड करावे. पूर्ण गरम करण्याचे दोन-तीन दिवस वाचतात.

निर्वात पात्रावर दाब सोडणारी झडप असलीच पाहिजे, हे वेगळ्याने सांगतो, कारण लहान यंत्रणा बांधणारे अनेकदा ती गाळतात. आत गोठलेली हवा गरम होताना किंवा नमुना-कोठी फुटल्यास बंद पात्रातला दाब काही क्षणांत वाढू शकतो. १९ सप्टेंबर २००८ रोजी सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये चुंबकांमधल्या एका सदोष विद्युत-जोडामुळे हीलियमच्या आवरणाला भोक पडले, हीलियम निर्वात आवरणात शिरला आणि तेथील दाब सोडणाऱ्या झडपा त्याला पुरेशा पडल्या नाहीत. जड चुंबक जागचे सरकले आणि सुमारे सहा टन हीलियम वाया गेला. त्यानंतर तेथे झडपांची संख्या आणि आकार वाढवण्यात आले. आमच्याकडे हीलियम काही ग्रॅमच असतो, परंतु झडपेचा आकार ठरवताना विचार करायचा तो सगळ्यात वाईट प्रसंगाचा.

जोड बदलल्यानंतर तो द्रव नायट्रोजनमध्ये पाच वेळा बुडवून काढला, प्रत्येक वेळी डिटेक्टरवर तपासला आणि मगच आत बसवला. त्यानंतर यंत्रणा सलग एकेचाळीस दिवस ३.९ केल्विनवर राहिली. बेचाळिसाव्या दिवशी काही बिघडले नसतानाही आम्ही ती मुद्दाम थांबवली, झडप बंद करून गरम केली आणि १२० केल्विनला दाब वाचला. या वेळी तो ०.००४ मिलिबार भरला, म्हणजे गळती आधीच्या शंभराव्या भागापर्यंत खाली आली होती. उरलेल्या वायूत हायड्रोजन किती आणि हीलियम किती हे पुढच्या फेऱ्यात वेगळे मोजायचे आहे, आणि तंत्रसहाय्यकांच्या वहीत त्यासाठी एक नवा रकाना आखून झाला आहे.